काकडीचे सोबती माझ्याच पात्याने गेले

मी एक जुनं खुरपं आहे. माझं पातं एका बाजूने जास्त झिजलं आहे, कारण मला अकरा वर्षं वापरणारी बाई डावखुरी आहे. मित्रांनो, खुरप्यालाही धक्का बसतो असं कुणी सांगितलं, तर तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. लोखंडाला कसला आलाय धक्का? पण गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी, सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान माझ्या हातून जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. माझ्या हातून म्हणतो खरं, पण हात माझा नव्हता. पातं मात्र माझंच होतं.

माझा जन्म लोहाराच्या दुकानातला. एका ट्रकचा पोलादी पाटा तुटला होता, त्याच्या तुकड्यातून लोहाराने मला घडवलं. लालबुंद होईपर्यंत तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि पाण्यात बुडवलं. मग मूठ बसवली आणि खिळ्याला टांगून ठेवलं. तिथे मी वर्षभर लटकून होतो. एक दिवस ताई आली.

ताई एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून ह्याचा फोन त्याला जोडून देण्याचं काम तिने केलं होतं. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली आणि तिने मला उचलून पाहिलं.

"हे जड आहे," लोहार म्हणाला. "घरच्या बागेला हलकं देतो."

"जड असू दे. हात हलका आहे माझा."

एवढंच बोलली. पुढे अकरा वर्षांत एका दमात याहून जास्त बोलताना मी तिला फारसं ऐकलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आता जरा गप्प बसते." ही गंमत वाटायची तेव्हा. याच गप्प बसण्याने आमचा घात केला.

ताई राहत होती धाकट्या भावाच्या घरी. भाऊ शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे, भिंतीवर कात्र्या. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एक मुलगी, ती चाळीस माणसांची बस चालवते. चांगली उंचीपुरी, खांदे रुंद, पण घरात तिला अजून चिमणी म्हणतात. घराच्या मागे अंगण होतं, वीस पावलं लांब आणि बारा पावलं रुंद. पुढची खोली शिंप्याची आणि मागचं अंगण ताईचं, अशी न बोलता वाटणी झालेली. ताई कात्रीला हात लावत नसे आणि शिंपी मला.

अंगणात ताई काकडी लावायची. पण नुसती काकडी कधीच नाही. काठ्यांच्या मांडवावर आठ वेल, आणि प्रत्येक वेलाला शेजार. पश्चिमेला मक्याची रांग, म्हणजे दुपारचं ऊन थेट वेलावर पडत नाही. दोन वेलांच्या मधे चवळी, तिच्या मुळांनी जमिनीला बळ येतं. बुंध्याभोवती मुळा. तो खायला नव्हे, तर जून होऊ द्यायला, कारण त्याच्या उग्र वासाने पानं कुरतडणारे लाल भुंगेरे जरा लांब राहतात. कडेला झेंडू. आणि जागा मिळेल तिथे शेपू. शेपूला ती फुलोऱ्यावर जाऊ द्यायची. त्या पिवळ्या छत्र्यांवर मधमाश्या यायच्या आणि ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडेही. मधमाश्या काकडीच्या फुलांकडे वळायच्या आणि ढालकिडे पानांखालचा मावा खायचे. बटाट्याला मात्र ती काकडीच्या वाऱ्यालाही उभं करत नसे. त्याची जागा पार दुसऱ्या टोकाला.

हे सगळं मला कसं कळलं? ताई एकटी असली की पुटपुटायची. माझ्याशी नव्हे, रोपांशी. "तू इकडे हो. ह्याला जरा ऊन येऊ दे." मी तिच्या डाव्या हातात असायचो. ती मला जमिनीत खुपसत नसे, सरकवत असे. मुळ्याच्या एका रोपाला धक्का न लावता त्याच्या बोटभर शेजारचं गवत मी काढलेलं आहे. माझी सगळी हुशारी त्या हाताची होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

आणि काकड्या कशा यायच्या म्हणता? सकाळी तोडलेली काकडी मोडली तर टचकन आवाज व्हायचा आणि मनगटावर पाणी ओघळायचं. चिमणी ड्यूटीवर जाताना दोन खिशात टाकून न्यायची. शिंपीसुद्धा मीठ लावून खायचा. खाताना खिडकीतून अंगणाकडे बघत म्हणायचा, "चव आहे. पण बाग आहे की चिंध्यांचं गाठोडं?" त्याला सगळं सरळ लागायचं, शिवणीसारखं. ताई हसायची, उत्तर द्यायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात वेलांना पहिली फुलं लागली, त्याच आठवड्यात मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून ताईचा पाय घसरला. मी तिच्या हातात होतो. ती पडली तेव्हा तिने मला दूर भिरकावलं, अंगाखाली यायला नको म्हणून. मातीत पडल्या पडल्या मी तिचं कण्हणं ऐकलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. चिमणीने तिला उचलून गाडीत घातलं. जाताना ताई भावाला म्हणाली, "धाकट्या, काकडीकडे बघ."

बस. एवढंच.

शिंपी मनाचा वाईट नव्हता, हे मला आधी सांगू द्या. बहीण दवाखान्यात, तिचं ऑपरेशन झालेलं, घरात त्याला करमेना. यंत्रावर बसायचा आणि उठायचा. रोज संध्याकाळी नेमाने पाणी घालायचा. सहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, त्याने मला पायरीच्या कोपऱ्यातून उचललं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वाटलं, गवत वाढलंय, ते काढायचं असेल.

"ताई येईपर्यंत असं चकाचक करतो, की बघत राहील," तो चिमणीला म्हणाला. ती पायरीवर उभी राहून घाईघाईने चहा पीत होती.

"बाबा, आत्याला विचारा एकदा."

"अगं, आश्चर्याचा धक्का द्यायचाय तिला. विचारून काय मजा?"

चिमणी बसच्या वेळेला निघून गेली. आणि शिंपी शेपूपाशी बसला.

त्याच्या उजव्या हातात मी तिरका चालत होतो. पहिल्या घावालाच मी त्याला हवं होतं त्याहून खोल गेलो आणि शेपूचं मूळ कटकन तुटलं. फुलोऱ्यावर तीन मधमाश्या होत्या. शेपू आडवा झाला तरी त्या क्षणभर त्याच्यावरच बसून राहिल्या. मला वाटलं, चूक झाली. आता हा माणूस थांबेल. तो थांबला नाही. "जून झालंय सगळं," असं म्हणत त्याने पुढचं झाड धरलं.

मित्रांनो, ते अडीच तास मी कसे काढले, ते मला सांगता येत नाही. शेपू संपला. मग मुळे. फुलावर आलेले, कुणी खाणार नाही असे, म्हणून गेले. चवळी गेली, कारण वेलात वेल गुंतलेला त्याला बघवत नव्हता. मक्याची ताटं त्याने हातांनी उपटली आणि मुळांपाशी घट्ट होती तिथे मला घातलं. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढ्यावर भागेल. माझी धार बोथट असती तर बरं झालं असतं. पण ताईने आदल्याच महिन्यात मला दगडावर घासलं होतं.

शेवटी झेंडू. तो मात्र त्याने फेकला नाही. मुळासकट उपटून, माती झटकून त्याचा हा मोठा जुडगा बांधला, कापडाच्या पट्टीने. "ताईला नेतो," म्हणाला. त्याचा चेहरा इतका खुशीत होता, की मला त्याच्यावर रागावताही येईना.

दहा वाजता अंगण पाटीसारखं कोरं झालं होतं. आठ वेल आणि उघडी माती. टपाल घेऊन आलेला पोस्टमन कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला, "वा शिंपीदादा, आता कशी बाग बागेसारखी दिसतेय." शिंप्याने मला धुऊन पुसून पायरीवर ठेवलं. इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो.

चार दिवस काही झालं नाही. मग झालं ते सगळं एकदम. दुपारचं ऊन मांडवावर सरळ उतरायला लागलं आणि मातीला भेगा पडल्या. पानं दुपारी माना टाकायची, ती संध्याकाळी वर येईनाशी झाली. शिंपी दुप्पट पाणी घालू लागला, तर दोन वेलांचे बुंधे कुजले. लाल भुंगेरे आले आणि पानांची चाळण झाली. पानांच्या खाली मावा बसला, हिरवा, चिकट, बोट लावलं तर चिरडेल इतका दाट. फुलं येत होती, पण मधमाशी एक दिसेना. फुलामागची करंगळीएवढी काकडी पिवळी पडायची आणि गळून जायची. शिंपी रोज सकाळी त्या गळलेल्या काकड्या वेचायचा आणि तळहातावर घेऊन बघत उभा राहायचा. जणू कुणी माप देऊन कापड सोपवावं आणि त्याने अख्खा तागा चुकीचा कापावा, तसं त्याचं तोंड झालं होतं.

एका सकाळी तिसरा वेल सुकलेला दिसला. तेव्हा त्याने मला उचललं, पात्याकडे बघितलं आणि पाण्याच्या पिंपामागे टाकून दिलं. तिथे ओल होती. दोन दिवसांत माझ्यावर गंज चढला. मला ते बरंच वाटलं. कुणी मला पुन्हा हातात घेऊ नये, असंच वाटत होतं.

ताई घरी आली ती चाकांच्या खुर्चीतून. पिंप मागच्या खोलीच्या खिडकीला लागून आहे, त्यामुळे खोलीतलं बोलणं मला ऐकू येतं. शिंप्याने खुर्ची खिडकीशी आणली. तिने बाहेर बघितलं असेल.

मग ती म्हणाली, "पडदा ओढून घे."

त्यानंतर नऊ दिवस तो पडदा उघडला नाही. ती जेवायची, औषधं घ्यायची, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या नर्सबाईंना हो-नाही म्हणायची. पण उभी राहायला तयार होत नसे. नर्सबाई बाहेर येऊन शिंप्याला म्हणाल्या, "हाड जुळलंय. माणूस जुळत नाहीये. त्यांना उठावंसंच वाटत नाही."

दहाव्या दिवशी चिमणीची सुट्टी होती. ती आत्याजवळ बसली होती आणि शिंपी दारात. चिमणी म्हणाली, "आत्या, बाबांनी मुद्दाम नाही केलं. त्यांना माहीत नव्हतं. वेल सुकायला लागले तेव्हा त्यांना कळलं, काहीतरी फार चुकलंय."

"मला आधीच कळलं होतं," ताई म्हणाली.

"कधी?"

"झेंडू आणलास ना धाकट्या, दवाखान्यात. मुळं होती त्याला. मी विचारलं, किती आणलास? तू म्हणालास, सगळा."

पिंपामागे पडल्या पडल्या मी हिशेब केला. दवाखान्यात तिने मंगळवारीच ओळखलं होतं. म्हणजे वेल सुकायला लागण्याच्या चार दिवस आधी.

"तुला माहीत होतं?" शिंप्याने विचारलं. "सगळं माहीत होतं आणि तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस? तेव्हाच सांगतीस तर मी त्याच दिवशी परत पेरलं असतं. सावलीला कापड बांधलं असतं. घरात कापडाला काय तोटा होता?"

"तू विचारलंस कुठे?"

"आणि तू अकरा वर्षांत सांगितलंस कधी? मी गाठोडं म्हणायचो, तू हसायचीस. मला वाटलं, तुलाही पटतंय, पण आवरायला होत नाही. वय झालंय."

मग जे मी ऐकलं, त्याने मला शेपू तुटतानाच्या कटकन आवाजापेक्षाही जास्त हादरवलं. ताई रडत होती. पडली तेव्हाही ती रडली नव्हती.

"डॉक्टरांनी मला सांगितलंय," ती म्हणाली. "चालेन. पण आता खाली बसता येणार नाही. कधीच नाही. तुझ्या हातात ते झेंडू बघितले आणि मला वाटलं, जाऊ दे सगळं. तसंही मला कुठे परत मातीत हात घालायचाय? म्हणून नाही बोलले. चिडून नाही रे. मीच सोडून दिलं होतं."

मी तर तोवर समजत होतो, ती बरी होईल आणि एक दिवस पिंपामागे हात घालून मला काढेल. तो डावा हात आता जमिनीपर्यंत पोहोचणारच नव्हता. आणि हे मला भिंतीपलीकडून कळत होतं.

मग कुणीतरी पडदा सरकवला. कड्या वाजल्या.

"किती वेल आहेत?" ताईने विचारलं.

"तीन. एक तर मेल्यातच जमा."

"फुलं?"

"आहेत. पण गळतात."

"धाकट्या, जवळ जा आणि बघून सांग. फुलाच्या मागे बारकी काकडी आहे का? असेल तर ती मादी. नसेल, नुसता देठ असेल, तर नर. नराची पिवळी पूड मादीच्या मधे लागायला पाहिजे. मधमाश्या करायच्या ते. आता तू कर."

"कशाने?"

"मऊ काहीतरी घे."

शिंपी आत गेला आणि शिवणयंत्रातला दोऱ्यांचा भुगा झटकायचा बारीक कुंचला घेऊन आला. सुईत दोरा ओवणारा तो हात अचूक चालला. नराच्या फुलात कुंचला फिरवायचा, मग मादीच्या फुलात. एकेक फूल, एकेक दिवस, कारण काकडीचं फूल एकच दिवस उघडं असतं. रोज सकाळी तो मांडवाखाली आणि ताई खिडकीत. "खालचं राहिलं." "बघितलं गं." "उजवीकडचं." "ताई, मला डोळे आहेत." शेजारपाजारचे दचकले असतील. त्या घरातून एवढं बोलणं कधीच ऐकू आलं नव्हतं.

साबणाच्या पाण्याने त्याने पानांखालचा मावा पुसला. पश्चिमेला जुनी पांढरी चादर ताणली. आणि मग बी पेरायला माती मोकळी करायची वेळ आली, तेव्हा त्याने पिंपामागे हात घालून मला बाहेर काढलं. दगडावर घासून त्याने माझा गंज काढला. उजव्या हातात मी पुन्हा वाकडा गेलो, तेव्हा ताई खिडकीतून म्हणाली, "ते माझ्या हाताला झिजलंय. उलटं धर, पातं स्वतःकडे." त्याने धरलं. आम्हा दोघांना एकमेकांची सवय व्हायला महिना लागला.

मुळा चौथ्या दिवशी वर आला. मग चवळी. शेपूला वेळ लागला. सूर्यफूल नवीन होतं, ते चिमणीने कुठूनसं आणलं. तीन वेलांपैकी दोन जगले. पहिली काकडी आली ती कोयत्यासारखी वाकडी. ताई ती खायला स्वतः मागच्या दारापर्यंत आली, चार पायांचा वॉकर धरून, मधे दोनदा थांबत. नर्सबाई मागे हात पसरून चालत होत्या. काकडी थोडी कडू होती. ताईने पूर्ण खाल्ली.

सगळं ठीक झालं, असं मी म्हणणार नाही. सहा वेल गेले ते गेले. मधमाश्या त्या वर्षी परत आल्या नाहीत. यंदा आल्या, पण पूर्वीइतक्या नाहीत. आणि मला कितीही घासलं, तरी त्या मंगळवारची आठवण पात्यावरून जात नाही. अजूनही शिंप्याने मला उचललं की माझ्या मुठीपर्यंत काहीतरी गोठतं.

गेल्या आठवड्यात असंच झालं. काकडीच्या बुंध्याशी एक रोप उगवलं होतं. दोन पानं, लवदार, कुणी लावलेलं नव्हतं. शिंपी माझं पातं त्याच्या मुळाशी घेऊन गेला. मी डोळे मिटले म्हणावं, तर मला डोळे नाहीत. पातं जमिनीपासून अर्ध्या बोटावर थांबलं.

"ताई," त्याने खिडकीकडे बघून हाक मारली, "हे काय आहे?"

ताईने चष्मा पुसला, लावला, वाकता येईल तेवढी वाकून बघत राहिली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मग काय करू?"

"राहू दे. दोघं मिळून बघू, काय होतंय."

त्याने मला बाजूला ठेवलं. मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्या हातात जेव्हा धारदार काही असेल आणि समोर तुम्हाला न कळणारं काही वाढत असेल, तेव्हा आधी विचारा. आणि ज्यांना कळतं, त्यांनी कुणी विचारायची वाट बघत गप्प बसू नका. आम्ही अवजारं नाही म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता.